मीठ, कर आणि सद्सद्विवेक

(धर्मग्रामातील लहान ख्रिस्ती समूहांच्या अभ्यासासाठी)



आपल्या स्वयंपाकघरातील सर्वांत स्वस्त वस्तू कोणती, असे विचारले तर बहुतेक जण मिठाचे नाव घेतील. वसई-भाईंदरच्या बाजूला राहणाऱ्यांना तर मिठाचे अप्रूप नाही. रेल्वेतून जाताना मिठागरांतील पांढरे ढीग पाहत आपण लहानाचे मोठे झालो. मासळी खारवायला मीठ, लोणच्याला मीठ, गुरांच्या आंबोणात मीठ. आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल, की जुन्या विधीप्रमाणे स्नानसंस्काराच्या वेळी फादर बाळाच्या जिभेवर मिठाचे कण ठेवीत असत. प्रभू येशूने आपल्या शिष्यांना पृथ्वीचे मीठ म्हटले आणि मिठाचा खारटपणाच गेला तर ते कशाच्याही उपयोगाचे राहत नाही, असा इशाराही दिला (मत्तय ५:१३).

हेच मीठ उचलले म्हणून आपल्या देशात हजारो माणसे तुरुंगात गेली, काहींनी प्राण गमावले, आणि तरीही त्यांनी हात उगारला नाही. १९३० सालच्या त्या मिठाच्या सत्याग्रहाचा अभ्यास आपण आज शुभवर्तमानाच्या प्रकाशात करू या. हा केवळ इतिहासाचा धडा नाही. कायदा एक सांगतो आणि सद्सद्विवेक दुसरे सांगतो, तेव्हा श्रद्धावंताने काय करावे, हा प्रश्न त्यात आहे.

१. कैसराचे नाणे

कराचा प्रश्न येशूलाही विचारण्यात आला होता (मत्तय २२:१५-२२). परूशी आणि हेरोदाच्या पक्षाचे लोक एकत्र येऊन त्याला विचारतात, की कैसराला कर देणे योग्य आहे की नाही. प्रश्न साधा दिसतो, पण तो सापळा आहे. 'द्यावा' म्हटले तर कराखाली पिचलेली जनता दुरावेल. 'देऊ नये' म्हटले तर रोमी सुभेदाराकडे तक्रार करायला कारण मिळेल. त्या काळी हा विषय किती पेटलेला होता हे प्रेषितांच्या कृत्यांवरूनही कळते. गालीलकर यहूदाने नावनिशीच्या दिवसांत, म्हणजे इ.स. ६ च्या सुमारास, बंड केले होते. तो मारला गेला आणि त्याचे अनुयायी पांगले, याची आठवण त्या ग्रंथात आहे (५:३७).

येशू नाणे मागतो आणि त्यावर कोणाची मुद्रा आहे असे विचारतो. कैसराचे कैसराला आणि देवाचे देवाला द्यावे, असे त्याचे उत्तर आहे. पुष्कळदा आपण या उत्तराचा अर्थ एवढाच घेतो, की सरकार सांगेल ते मुकाट्याने करावे. पण उत्तराचा दुसरा भाग विसरता येत नाही. नाण्यावर कैसराची मुद्रा आहे, तर माणसावर कोणाची? उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे, की देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले (१:२७). म्हणजे कैसर नाणे मागू शकतो, पण माणूस मागू शकत नाही. जो कर गरिबाच्या तोंडचा घास हिरावून घेतो आणि त्याची प्रतिष्ठा पायदळी तुडवतो, तो कैसराच्या हद्दीबाहेर गेलेला असतो.

अन्यायी ओझ्याविरुद्ध उठाव पूर्वीही झाले. शलमोनाच्या मृत्यूनंतर लोक रहबाम राजाकडे गेले आणि वडिलांनी लादलेले जू हलके करा, अशी विनवणी त्यांनी केली. वृद्ध मंत्र्यांचा सल्ला धुडकावून राजाने ओझे आणखी वाढवण्याची धमकी दिली. लोकांनी वेठबिगारीवरच्या अधिकाऱ्याला धोंडमार करून ठार केले आणि राज्याचे दोन तुकडे झाले (१ राजे १२). अन्याय खरा होता, संतापही खरा होता. पण दगडांनी जो प्रश्न सोडवायचा होता, तो पिढ्यान् पिढ्यांचे वैर होऊन बसला. मग अन्यायापुढे मान तुकवणे आणि दगड उचलणे यांशिवाय तिसरा मार्ग आहे काय?

२. मिठावर पहारा

मिठावरील कर ब्रिटिशांच्या आधीही होता, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिश सरकारच्या काळात तो फार कडक झाला. स्वस्त मीठ एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाऊ नये म्हणून एकोणिसाव्या शतकात सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची जकात-रेषा उभारण्यात आली. तिच्या मोठ्या भागावर काटेरी झुडपांचे उंच कुंपण लावले होते आणि पहाऱ्यावर सुमारे १२,००० माणसे होती. १८७९ मध्ये ती रेषा मोडण्यात आली, पण कर राहिला. १८८२ च्या मीठ कायद्याने मीठ तयार करण्यावरील सरकारी पकड आणखी घट्ट झाली. समुद्राकाठच्या खाचरात उन्हाने आपोआप तयार झालेले मीठ परवान्यावाचून उचलणे हासुद्धा गुन्हा ठरला.

१९२३ साली हा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्यात आला. मध्यवर्ती कायदेमंडळाचा विरोध असतानाही व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात ही वाढ लादली. पुढच्या वर्षी तो पुन्हा सव्वा रुपयावर आला. सव्वा रुपया आज आपल्याला काहीच वाटत नाही. पण गांधीजींनी त्या वेळी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे सरासरी भारतीयाचे उत्पन्न दिवसाला दोन आण्यांपेक्षाही कमी होते. म्हणजे मणभर मिठावरचा कर दहा दिवसांच्या उत्पन्नाहून अधिक झाला.

या कराचा अन्याय रकमेपुरता नव्हता. श्रीमंत माणूस गरिबापेक्षा दसपट मीठ खात नाही. उलट उन्हात घाम गाळणाऱ्या मजुराला मीठ अधिक लागते. त्यामुळे हा कर ज्याच्याकडे सर्वांत कमी होते त्यालाच सर्वांत जास्त जाचत असे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली कायदेमंडळातील अंदाजपत्रकावरील भाषणात या कराविरुद्ध आवाज उठवला होता. अर्ज, विनंत्या, भाषणे असे सनदशीर मार्ग बरीच वर्षे चालू होते. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण कायदेभंग ही पहिली पायरी नव्हती.

३. दांडीची वाट

२ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना पत्र लिहिले. ते पत्र रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या तरुण इंग्रज क्वेकर ख्रिस्ती माणसाच्या हाती पाठवले. लढा इंग्रज माणसाशी नसून अन्यायाशी आहे, हे त्या निवडीतूनच दिसत होते. पत्राची सुरुवात मित्र म्हणून केली होती. व्हाइसरॉयचा महिना २१,००० रुपये पगार आणि गरिबाचे दोन आणे यांचा हिशेब त्यात मांडला होता. आपण काय करणार आणि कधी करणार हेही आधीच कळवले होते. लपवाछपवी काहीही नव्हती. आयर्विन स्वतः धर्मपरायण ख्रिस्ती म्हणून ओळखले जात. त्यांच्या चिटणीसाकडून आलेल्या उत्तरात कायदा मोडण्याच्या विचाराबद्दल खेद तेवढा व्यक्त केला होता.

१२ मार्चला साबरमती आश्रमातून गांधीजी ७८ सोबत्यांसह पायी निघाले. तेव्हा ते साठ वर्षांचे होते. २४ दिवसांत २४१ मैल चालून ५ एप्रिलला ते दांडीला पोहोचले. सोबत्यांमध्ये प्रार्थनेची भजने म्हणणारे आपले पंडित नारायण मोरेश्वर खरे होते. आश्रमातील दूधव्यवस्था पाहणारे केरळचे ख्रिस्ती तरुण टायटस हेही होते.

वाटेत भाटगाम येथे घडलेला एक प्रसंग आपण विशेष लक्षात ठेवावा. यात्रेकरूंसाठी सुरतेहून मोटारीने दूध-भाजी येत आहे आणि रात्रीच्या प्रवासात मजूर डोक्यावर जड दिवे वाहत आहेत, हे गांधीजींच्या लक्षात आले. त्या सभेत त्यांनी सरकारवर टीका करण्याऐवजी स्वतःची आणि सोबत्यांची झडती घेतली. गरिबांच्या नावाने निघालेली माणसे गरिबांच्याच डोक्यावर ओझे ठेवत असतील, तर व्हाइसरॉयच्या पगाराबद्दल बोलण्याचा त्यांना काय अधिकार, असा त्यांचा प्रश्न होता. आपल्या भाषेत सांगायचे तर आंदोलनाच्या वाटेवर त्यांनी जाहीर प्रायश्चित्त घेतले. डोळ्यातले मुसळ आधी काढण्याची येशूची शिकवण (मत्तय ७:३-५) याहून वेगळी नाही.

६ एप्रिलच्या सकाळी प्रार्थना आणि समुद्रस्नान करून गांधीजींनी किनाऱ्यावरचे मीठ उचलले. त्यानंतर लाट देशभर पसरली. मुंबईत विलेपार्ल्याच्या छावणीतून जमनालाल बजाज आणि किशोरलाल मश्रूवाला यांनी सत्याग्रह चालवला. दक्षिणेकडे शिरोड्याच्या मिठागरांवर मे महिन्यात सत्याग्रही गेले. १ जूनला वडाळ्याच्या मिठागरावर सुमारे १५,००० लोक धावून गेले. जिथे समुद्र नव्हता तिथे लोकांनी जाचक जंगल कायदा मोडला. विदर्भात पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी जुलैमध्ये गवत कापून जंगल सत्याग्रह केला.

सत्याग्रहींसाठी नियम होते. मनात राग धरू नये. मार सोसावा, उलट मारू नये. शिवीगाळ करू नये. अटक झाली तर विरोध न करता जावे. एक नियम तर थक्क करणारा आहे. जमावातील कोणी सरकारी अधिकाऱ्यावर हल्ला करू लागला, तर सत्याग्रहीने स्वतःचा जीव धोक्यात घालून त्या अधिकाऱ्याचे रक्षण करावे. शत्रूवर प्रीती करा, ही येशूची आज्ञा (मत्तय ५:४४) व्यवहारात कशी दिसते, हे यातून कळते.

४. धरासणा

५ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना कराडी येथील झोपडीतून अटक झाली. त्यांना रेल्वेने आणून बोरिवलीजवळ उतरवण्यात आले आणि तिथून मोटारीने येरवड्याच्या तुरुंगात नेले. सूरत जिल्ह्यातील धरासणाच्या सरकारी मिठागरावर जाण्याचा बेत त्यांनी आधीच जाहीर केला होता. २१ मे रोजी सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली सुमारे २,५०० स्वयंसेवक तिथे गेले.

त्या दिवशी काय घडले ते अमेरिकन वार्ताहर वेब मिलर यांनी डोळ्यांनी पाहिले आणि जगाला कळवले. स्वयंसेवकांची रांग शांतपणे कुंपणाकडे चालत जाई. पोलीस लोखंड बसवलेल्या लाठ्या त्यांच्या डोक्यांवर मारत. माणसे पडत. मार चुकवण्यासाठी कोणी हातसुद्धा वर करीत नसे. जखमींना स्ट्रेचरवरून उचलून नेले जाई आणि पुढची रांग निघे. पुढच्यांना आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे हे दिसत होते, तरी ते चालत राहिले. मिलर यांनी तात्पुरत्या दवाखान्यात ३२० जखमी मोजले. दोघांचा मृत्यू झाला होता.

आपण क्रुसाच्या वाटेची भक्ती करतो तेव्हा चौदा स्थानांपाशी थांबतो. मारणाऱ्यांना क्षमा करीत चाललेला प्रभू आपल्या डोळ्यांपुढे असतो. धरासणाच्या त्या रांगेतील बहुतेकांनी शुभवर्तमान वाचलेही नसेल. तरीही वाईटाला वाईटाने उत्तर न देण्याची शिकवण त्यांनी अंगावर झेलली. पवित्र आत्मा आपल्या चार भिंतींच्या बाहेरही कार्य करतो, हे आपण नम्रपणे मान्य केले पाहिजे.

हा मार्ग सगळीकडे पाळला गेला, असे मात्र म्हणता येणार नाही. गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात लोकांचा संताप अनावर झाला, पोलीस चौक्या जाळल्या गेल्या आणि सरकारने लष्करी कायदा पुकारला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आली. त्याआधी १९२२ साली चौरीचौरा येथे जमावाने पोलिसांना जाळून मारले, तेव्हा गांधीजींनी सारी चळवळच थांबवली होती. अहिंसा आपोआप घडत नाही. तिची तयारी करावी लागते, आणि ती तयारी मनातून सुरू होते.

५. ख्रिस्ती माणसे कुठे होती?

हा प्रश्न आपण स्वतःला प्रामाणिकपणे विचारू या. त्या काळी अनेक ख्रिस्ती घरे चळवळीपासून दूर राहिली. सरकारी नोकरीची भीती होती, राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत ही भावना होती, आणि कायदा मोडणे पाप आहे अशी समजूतही होती.

पण सगळेच गप्प बसले नाहीत. लोकमान्य टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा हे मुंबईचे कॅथलिक, त्यांचे मूळ आपल्या उत्तनचे. होमरूल चळवळीत आणि कामगारांच्या लढ्यात त्यांनी आयुष्य घालवले. सप्टेंबर १९३० मध्ये, सत्याग्रह ऐन भरात असताना, त्यांचे निधन झाले.

दुसरे नाव जे. सी. कुमारप्पा यांचे. तमिळ ख्रिस्ती कुटुंबातील हे गृहस्थ लंडनमध्ये हिशेब तपासणीचे शिक्षण घेऊन मुंबईत व्यवसाय करीत होते. पुढे अमेरिकेत त्यांनी सरकारी जमाखर्चाचा अभ्यास केला. भारतातील कर कोणाकडून येतात आणि पैसा कोणासाठी खर्च होतो, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. त्यांची ती लेखमाला गांधीजींच्या 'यंग इंडिया' साप्ताहिकात आली. गांधीजी तुरुंगात असताना त्या साप्ताहिकाची धुरा त्यांनी वाहिली आणि स्वतःही तुरुंगवास भोगला. ख्रिस्ताच्या अनुयायाने अन्यायापुढे तटस्थ राहावे काय, या प्रश्नावर त्यांनी अँग्लिकन चर्चचे प्रमुख फॉस वेस्टकॉट यांच्याशी पत्रव्यवहारही केला. हिशेबनीसाची पेन्सिल हेसुद्धा न्यायाचे साधन होऊ शकते, हे कुमारप्पांकडून शिकावे.

६. काय मिळाले?

१९३० साल संपेपर्यंत सुमारे ६०,००० माणसे तुरुंगात गेली होती. ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला. किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांना घरापुरते व गावात विकण्यापुरते मीठ गोळा करण्याची मुभा मिळाली. कायदा मात्र रद्द झाला नाही. मिठावरचा कर उठला तो १९४७ साली, हंगामी सरकारच्या काळात. म्हणजे दांडीनंतर सतरा वर्षांनी.

मग सत्याग्रह फसला का? तसे नाही. राज्य भीतीवर चालते आणि ती भीती मिठाच्या चिमटीने गेली. मोहरीच्या दाण्याचा दाखला आपण ऐकतोच (मत्तय १३:३१-३२). पेरणारा आणि कापणारा एकच असेल असे नाही. धरासणाला पडलेल्यांपैकी सर्वांनीच १९४७ पाहिले नसेल.

७. करचुकवेगिरी म्हणजे सत्याग्रह नव्हे

इथे एक धोका आहे. हा पाठ वाचून कोणी म्हणेल, की मलाही कर अन्यायी वाटतो, म्हणून मी भरणार नाही. ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. सर्वांच्या हितासाठी कर भरणे हे नैतिक कर्तव्य आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो (क्र. २२४०). सत्तेची आज्ञा नीतिनियमांच्या विरुद्ध असेल तर ती न पाळणे हेही कर्तव्य आहे, असे तोच ग्रंथ पुढे म्हणतो (क्र. २२४२). दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने आपले हक्क मिळवताना हिंसेचा त्याग करणाऱ्यांची प्रशंसा केली आहे. पोप जॉन पॉल दुसरे १९८६ साली भारतात आले तेव्हा पहिल्याच दिवशी राजघाटावर गेले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१७ च्या जागतिक शांतिदिनाचा संदेश अहिंसेवरच दिला आणि त्यात गांधीजींचे नाव घेतले.

फरक कसा ओळखावा? करचुकवेगिरी लपून होते, सत्याग्रह आधी कळवून होतो. करचुकवेगिरीत फायदा माझा असतो, सत्याग्रहात दुसऱ्याचे ओझे हलके व्हावे म्हणून मी नुकसान सोसतो. चुकवणारा शिक्षा टाळतो, सत्याग्रही ती स्वीकारतो. दुकानात बिल नको म्हणून चार पैसे वाचवणारा, घराच्या व्यवहारात खरी किंमत लपवणारा माणूस दांडीचा वारस नाही. त्याने जक्कयाकडे पाहावे (लूक १९:१-१०).

दुसऱ्या बाजूने, आपण सारे नियम पाळतो म्हणून आपले कर्तव्य संपले, असेही नाही. गावावर अन्याय होताना गप्प बसणे हा मिठाचा खारटपणा जाणेच आहे. हरित वसईच्या चळवळीत दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी धमक्यांना न जुमानता शांततेचा मार्ग धरला. तो वारसा आपल्या अंगणातला आहे.

आज रात्री जेवताना ताटातल्या मिठाकडे क्षणभर पाहा आणि मुलांना त्याची गोष्ट सांगा.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. मत्तय २२:१५-२२ सावकाश वाचा. आपल्या काळात देवाचे असलेले काय आपण कैसराला देऊन बसलो आहोत?

२. भाटगामच्या सभेसारखी झडती आपल्या घराने घेतली, तर आपले ओझे कोणाच्या डोक्यावर आहे असे दिसेल? घरकाम करणाऱ्या ताईंच्या, शेतावरच्या मजुराच्या, की आणखी कोणाच्या?

३. आपल्या परिसरातील असा कोणता नियम किंवा आकारणी आहे, जिचा भार गरिबावर अधिक पडतो? त्याबद्दल अर्ज, भेट, माहिती मागवणे असे कोणते सनदशीर पाऊल आपण एकत्र उचलू शकतो?

४. मी १९३० साली असतो, तर कुठे उभा राहिलो असतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू ख्रिस्ता, तू खोट्या साक्षीपुढे शांत राहिलास, पण अन्यायापुढे कधी मूक राहिला नाहीस. आमच्या मनातील भीती आणि द्वेष दोन्ही काढून टाक. सत्य बोलण्याचे धैर्य आणि मार सोसण्याचे बळ दे. जे आमच्यावर सत्ता चालवतात त्यांना न्यायबुद्धी दे. आमचा खारटपणा जाऊ देऊ नकोस. आमेन.